क्वाड बाईक निवडताना: आधी ट्रॉली मोजा, मग सीसी विचारा

नागपुरात कोणी क्वाड बाईक, म्हणजे हँडलची चारचाकी मोटारसायकल, घ्यायला निघालं की दुकानदारापासून मित्रापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "किती सीसीची घेतो?" या प्रश्नावर गाडी ठरवून लोकांचे लाखो रुपये पाण्यात गेलेले मी पाहिले आहेत, आणि माझी पहिली गाडीही मी असंच विचारून घेतली होती. त्यानंतर स्वतःसाठी, भावासाठी आणि काटोल-कळमेश्वरकडच्या ओळखीच्या बागाईतदारांसाठी बऱ्याच गाड्या पाहिल्या, चालवल्या, नाकारल्या. वेग, कच्चा रस्ता आणि ओढकाम असं तिन्ही हवं असेल, तर सुरुवात ओढकामापासून करायची. बाकी दोन गोष्टी त्याच्यामागे आपोआप जागेवर येतात.

1. कागद

गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची तर नोंदणी लागते, मग गाव कितीही लहान असो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक क्वाडना नंबर मिळत नाही. त्या शेतात किंवा खासगी जागेतच चालवायच्या आणि एरवी पिकअपमध्ये टाकून न्यायच्या. पोलारिस कंपनीने स्पोर्ट्समन 570 ही क्वाड भारतात ट्रॅक्टर म्हणूनही विकली, तशा गाडीला नंबर मिळतो. "करून देऊ साहेब" या शब्दावर पैसे देऊ नका. त्याच मॉडेलचं आधी झालेलं आरसी बुक दाखवायला सांगा. आणि पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलवाटा डोक्यातून काढून टाका, तिथे परवानगीशिवाय आपली गाडी घालणं हा गुन्हा आहे.

2. वेग

शेतरस्त्यावर, मुरमाच्या वाटेवर ताशी 50 हा भरपूर वेग आहे. शंभराच्या पुढची गाडी हवी असेल तर तेवढी मोकळी खासगी जागा आहे का, हे आधी पाहा.

3. ओढकाम

सगळा घोळ इथे होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

यामाहाच्या दोन गाड्या शेजारी ठेवून पाहा. रॅप्टर 700 आणि आताची ग्रिझली 700, दोन्हींचं इंजिन 686 सीसीचं. सीसी विचारणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतील. पण रॅप्टर साधारण 190 किलोची, चेनवर फक्त मागची चाकं फिरवणारी, हाताच्या क्लचची गाडी. तिला कंपनीने ओढण्याची क्षमता दिलेलीच नाही. ग्रिझली 300 किलोच्या वर, बेल्टच्या ऑटोमॅटिकवर चालणारी, लो गिअर (हळू पण जोराने ओढणारा) आणि फोर व्हील (चारही चाकांना इंजिनचा जोर) असलेली. तिला 600 किलोपर्यंत ओढायची मुभा आहे. इंजिन तेवढंच, काम मात्र एकदम उलटं.

मी घेतली होती ती रॅप्टरच्या जातीची, जुनी स्पोर्ट गाडी. काटोलजवळच्या बागेत फवारणीसाठी 200 लिटरची टाकी ट्रॉलीवर ठेवली. पाणी 200 किलो, लोखंडी ट्रॉली सव्वाशे, पंप आणि पाइप पंचवीस, म्हणजे 350 किलो झाले. हुक नव्हता, म्हणून सीटमागच्या पकडायच्या दांडीला दोर बांधला. बांधावरच्या चढाला लागलो आणि अर्ध्यात हँडल एकदम हातात हलकं झालं. डावीकडे वळवलं, गाडी सरळच. खाली पाहिलं तर पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून वितभर वर. मी उडी टाकली, गाडी आणि टाकी मागे घरंगळत धुऱ्याला, म्हणजे शेताच्या कडेच्या बांधाला, जाऊन अडकली. मिस्त्रीने क्लच उघडला तेव्हा प्लेटा काळ्यानिळ्या पडल्या होत्या. तो म्हणाला, "भाऊ, हे पळाची गाडी हाये, तुमी काहून नांगराला जुपली?"

चूक कुठे झाली ते समजून घ्या. ओढ मागच्या आसापेक्षा (ॲक्सलपेक्षा) जितकी उंच, तितकी ती गाडीचं तोंड वर उचलते. म्हणून हुक नेहमी आसाच्या उंचीच्या खाली, चेसिसला बोल्टने पक्का बसलेला हवा. सीटमागच्या दांडीला, कॅरिअरला किंवा बंपरला दोर बांधायचा नाही, चिखलात अडकलेली गाडी काढायलासुद्धा नाही. "आम्ही तर रोजच बांधतो" म्हणणारे सपाट जमिनीवर बांधत असतात, म्हणून आजवर वाचले आहेत.

दुसरी गोष्ट उताराची, आणि ती कोणीच सांगत नाही. 190 किलोची गाडी आणि 70 किलोचा माणूस मिळून 260 किलो. मागे बिनब्रेकची 350 किलोची ट्रॉली. लोटणारा माल थांबवणाऱ्यापेक्षा जड झाला, की ब्रेक दाबल्यावर ट्रॉली गाडीला आडवी करते. माझा नियम साधा आहे: चढ-उताराच्या जागी बिनब्रेकची ट्रॉली मालासकट गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षा जड होऊ द्यायची नाही, कंपनीचा आकडा कितीही मोठा असो. आणि टाकी एकतर पूर्ण भरा नाहीतर रिकामी न्या. अर्धवट टाकीतलं पाणी हिंदकळतं, वळणावर तेच ट्रॉली उलटवतं.

तिसरी गोष्ट, हुकावर येणारं वजन. भरलेल्या ट्रॉलीच्या सुमारे दहा टक्के वजन हुकावर हवं. 350 किलोला 35 किलो. संत्री मोजायचा जमिनीवरचा काटा बागेत असतोच. ट्रॉली भरून, सपाट जागी, तिची दांडी हुकाच्या उंचीवर राहील असा ठोकळा काट्यावर ठेवा आणि त्यावर दांडी टेकवा. आकडा फार कमी आला तर कॅरेट पुढे सरकवा, फार जास्त आला तर मागे. पाच मिनिटांचं काम आहे. हुकावर वजन कमी पडलं तर ट्रॉली शेपटीसारखी हलते, जास्त झालं तर गाडीचं तोंड पुन्हा हलकं.

मग घ्यायचं काय? ओढकाम महिन्यातून एकदा आणि शंभर किलोच्या आतलं असेल, तर स्पोर्ट गाडी घ्या आणि ओढायला दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलवा, हे खरंच स्वस्त पडतं. ओढकाम दर आठवड्याचं असेल तर 500 ते 700 सीसीची युटिलिटी, म्हणजे ग्रिझलीसारखी कामाची गाडी घ्या. तिच्यात लो गिअर, लागेल तेव्हा लावता येणारं फोर व्हील, रिव्हर्स आणि कंपनीचा हुक या चारही गोष्टी हव्यात. अशी गाडी पळायलाही पुरते. स्पोर्ट गाडीला हुक वेल्ड करून "दोन्ही कामं करते" म्हणून विकणाऱ्याकडे थांबूच नका.

युटिलिटी गाडीतही एक सवय लावून घ्या. माल मागे असला की गिअर लोमध्येच. हायमध्ये हळू ओढलं तर बेल्ट पुलीवर घसरतो, तापतो, काचेसारखा गुळगुळीत होतो आणि एक दिवस बागेच्या मधोमध तुटतो.

4. बागेतली वळणं

संत्र्याची झाडं साधारण सहा-सहा मीटरवर असतात. स्पोर्ट गाडीचा मागचा आस एकसंध असतो, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. ओळ संपल्यावर वळवली की आतलं चाक माती खरवडतं, आणि संत्र्याची मुळं वरच्या थरातच असतात. मागचं डिफरन्शियल उघडून दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गाडी इथे फार उपयोगी पडते. शिवाय स्पोर्ट गाडीचं पोट मागे खूप खाली असतं, पावसाळ्यात काळ्या मातीच्या चाकोरीत ते टेकतं आणि चाकं हवेत फिरत राहतात.

5. उन्हाळा

मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना हळू ओढकाम करायचं तर पाण्याने थंड होणारं, पंखा असलेलं इंजिन हवं. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो, आणि माल ओढताना वारा मिळत नाही. कापसाच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत बोंडाचा कचरा अडकतो, तो रोज संध्याकाळी मऊ ब्रशने काढा. एअर फिल्टर फोमचा असेल तर धुवून, तेल लावून, पिळून बसवा.

6. टायर

बहुतेक क्वाडच्या टायरमध्ये 4 ते 7 पीएसआय एवढीच हवा असते. पेट्रोल पंपावरचा मीटर इतकी कमी हवा नीट दाखवत नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घ्या.

7. जुनी घेत असाल तर

बेल्टचं कव्हर उघडायला लावा. बेल्टच्या कडा चमकत असतील तर किंमत कमी करा. चेनची गाडी असेल तर स्प्रॉकेटचे दाते पाहा, आकड्यासारखे वाकलेले दाते म्हणजे चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही बदलायचे. पुढची चाकं हाताने वर-खाली हलवून ढिली आहेत का पाहा. बंपर नवा आणि चेसिस गंजलेली असेल तर घरी परत या.

8. कोणासाठी

मोठ्यांच्या गाडीवर 16 वर्षांखालच्या मुलाला बसवायचं नाही, आग्रह कोणाचाही असो. स्पोर्ट गाडी एकाच माणसाची असते, मागे बसलेला माणूस म्हणजे उंचावर ठेवलेला, तोल घालवणारा माल. हेल्मेट आणि घोट्यापर्यंतचे बूट यावर चर्चा नको.

9. ट्रायल

विकणाऱ्याला सांगा की ट्रॉली मी आणतो. ती तुमच्या रोजच्या मालाएवढी भरा आणि एक चढ निवडा. अर्ध्या चढावर थांबा, ब्रेक सोडून पुन्हा उचला. गाडी धक्का न देता, रबर जळाल्याचा वास न येता निघाली पाहिजे. हँडल त्या वेळी जड लागलं पाहिजे, हलकं नाही. मग तोच उतार लो गिअरमध्ये खाली या, ब्रेकला फक्त मधूनमधून हात लावून. सपाटीवर थांबल्यावर ब्रेकच्या डिस्कजवळ हात न्या, लावू नका. आच तळहाताला दुरूनच बसत असेल, तर तेवढा माल त्या गाडीला जास्त आहे. पाचवा भाग उतरवून पुन्हा एकदा चढवून पाहा.