अमेरिकन नाण्यांवरून झालेली बोंबाबोंब खरी की पुडी, कसं ओळखायचं

अमेरिकन नाणी जमवायला लागलं की नाण्यांपेक्षा किस्सेच जास्त गळ्यात पडतात, ह्या डिझाइनवर लोक भडकले, ते बदलावं लागलं वगैरे. बरेचसे अर्धवट खरे असतात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि नाण्यालाच विचारा.

आधी बघायचं की नाणं खरंच बदललं का, आणि किती पटकन. १९०९ चा लिंकन सेंट २ ऑगस्टला बाहेर आला, मागच्या बाजूला अगदी तळाशी, गव्हाच्या ओंब्यांचे देठ संपतात तिथे व्हीडीबी ही अक्षरं, म्हणजे शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर. झालं, फुकटची जाहिरात म्हणून ओरड सुरू आणि काही दिवसांत अक्षरं गायब! म्हणून एकाच सालाचे दोन प्रकार मिळतात. १९१८ ला ती परत आली पण लिंकनच्या खांद्याच्या कडेला, इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसतच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोला व्हीडीबीवाले फक्त ४,८४,००० पाडले होते, त्यामुळे तारखेखाली एस (तिथल्या टांकसाळीची खूण) असलेला कोणी स्वस्तात देत असेल तर सावध, साध्या सेंटवर एस चिकटवून विकणारे आहेत.

नाणं बदललंच नसेल तर बहुतेक नुसती अफवा. १९४६ च्या रूझवेल्ट डाइमवर (दहा सेंटचं नाणं) मानेखाली जेएस आहे, शिल्पकार जॉन सिनॉकचं, लोकांना त्यात जोसेफ स्टॅलिन दिसला :) टांकसाळ ढिम्म हलली नाही. १९६४ च्या केनेडी हाफ डॉलरवर शिल्पकार गिल्रॉय रॉबर्ट्सची जोडाक्षरी सही लोकांना विळा हातोडा वाटली, तीही तशीच राहिली.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे बदल खरा पण कारण भलतंच. १९१६ च्या क्वार्टरवर (पंचवीस सेंटचं नाणं) लिबर्टीची, म्हणजे स्वातंत्र्यदेवीची, एक छाती उघडी, १९१७ च्या मध्यात तिला चिलखत चढलं, आणि लगेच गोष्ट तयार, की सोवळ्या लोकांनी गदारोळ केला. पण त्या काळचा असा गदारोळ काही सापडत नाही आणि डिझाइनमध्ये फेरफार करायला तर शिल्पकार मॅक्नील स्वतःच मागे लागला होता. इथे नाणं उलटं करून बघायचंच. चिलखतवाल्यावर गरुड वर सरकलाय आणि त्याच्याखाली तीन तारे आलेत, आता गरुडाला कोण कशाला लाजणार?