सुरीनामला गेलेल्या पूर्वजांची नोंद सापडत नव्हती, ती अशी सापडली

हेगमधल्या आमच्या शेजारीणबाई सुरीनामी हिंदुस्तानी, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या तेव्हाच्या डच वसाहतीत गेलेल्या भारतीयांच्या वंशातल्या. पणजोबा करारावर मजूर म्हणून गेलेले. (पहिलं जहाज, लाला रूख, १८७३ साली पोचलं.) नॅशनाल आर्किफच्या (नेदरलँड्सचं राष्ट्रीय अभिलेखागार) ऑनलाइन यादीत आडनाव टाकलं की शून्य निकाल. स्पेलिंगं बदलली, जहाजांची नावं चाळली. जीव मेटाकुटीला आला.

आजचं आडनाव बहुतेकदा त्या मजुराचं किंवा त्याच्या बापाचं एकेरी नावच असतं. म्हणून:

आधी आजोबांचा जन्मदाखला काढा. त्यात आईवडिलांची एकेरी नावं मिळतात, कधी करार क्रमांकही. मग ते नाव आडनावाच्या नव्हे, नावाच्या रकान्यात टाका, तेही डच पद्धतीने: 'उ'ला ओ-ई, 'ज'ला डी-जे, 'य'ला नुसता जे. निकाल ढीगभर आले तर मजूर ज्या मळ्यावर कामाला होता त्याच्या नावाने गाळा. शेवटी वय आणि बापाचं नाव ताडून बघा.

आमच्या नोंदीत गाव, ठाणं बांसी, जिल्हा बस्ती (उत्तर प्रदेश) असं निघालं. पण गाव बस्तीच्या नकाशात शोधू नका! बांसी १९८८पासून सिद्धार्थनगर जिल्ह्यात आहे. आधी ठाणं गाठा, गाव त्याच्या आसपास शोधा.