रंग शेवटी बघा: आफ्रिकेतले सरडे, साप आणि किडे कसे ओळखायचे

आफ्रिकेतला एखादा प्राणी ओळखायचा म्हटलं की बहुतेक जण पहिलं काय सांगतात तर रंग, "हिरवा साप आहे, कुठला असेल?", आणि गाडी तिथेच चुकते. लाल डोक्याचा अगामा सरडा घ्या. दुपारच्या उन्हात नराचं डोकं शेंदरी आणि अंग निळं, तोच नर रात्री मातकट, माद्या आणि पिल्लं तर कायमच मातकट, म्हणजे रंगावर गेलात तर एका जातीच्या तीन जाती करून बसाल. ब्लॅक मांबा हा विषारी साप पण काळा नसतो बरं का, करडा किंवा शेवाळी-तपकिरी असतो, काळं असतं ते त्याच्या तोंडाचं आतलं अस्तर.

मी आधी अंगाची ठेवण बघतो. पाय आहेत का, पापण्या आहेत का, खवले गुळगुळीत की खरबरीत, शेपटी गोल की चपटी. पाय नाहीत म्हणजे सापच असं नाही, बिनपायाच्या सापसुरळ्या पण आहेत, पण त्यातल्या बऱ्याच डोळे मिटतात आणि सापाला पापणीच नसते. पालींनाही बहुतेक पापणी नसते, त्या जिभेने डोळा पुसतात. शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, तर पायावरूनच कळतो, बोटं चिमट्यासारखी दोन गटांत जुळलेली, पुढच्या पायाला आत तीन बाहेर दोन आणि मागच्या पायाला बरोबर उलट. घोरपडीत नाईल घोरपडीची शेपटी पोहण्यासाठी बाजूंनी चपटी झालेली असते, ती आधी बघा. आणि कासवाच्या पाठीचा मागचा भाग बिजागरीसारखा खाली वळत असेल तर ते हिंजबॅक, तिथे फार डोकं लावायची गरज नाही.

सापांबाबत मात्र सावकाश. हिरवा साप दिसला तर डोकं आणि डोळा बघा. ग्रीन मांबाचं डोकं लांबट, अरुंद, खवले गुळगुळीत, आणि बूमस्लँग या झाडावरच्या विषारी सापाचं डोकं आखूड, डोळा भलामोठा, खवल्यांवर मधोमध कंगोरा. त्यात बूमस्लँगच्या माद्या बहुधा तपकिरीच असतात, म्हणजे रंग परत कामाचा नाही. आणि "डोळ्याची बाहुली उभी म्हणजे विषारी" हा नियम कृपा करून विसरा. अंडी खाणारा एग ईटर बिनविषारी आहे तरी त्याची बाहुली उभी, मांबा आणि कोब्रा इतके जहाल तरी बाहुली गोल, आणि नाईट अ‍ॅडर तर चक्क व्हायपर, म्हणजे घोणसाच्या कुळातला, असून त्याची बाहुली गोल. एग ईटर खवले एकमेकांवर घासून व्हायपरसारखा आवाजही काढतो, त्यामुळे भले भले फसतात.

सापांच्या बाबतीत एका खुणेवर निकाल देऊ नका हे मी का सांगतो तर 1957 साली शिकागोत कार्ल श्मिट नावाच्या मोठ्या सर्पतज्ज्ञाकडे ओळखण्यासाठी एक लहान साप आला. बाकी सगळं बूमस्लँगसारखं होतं, पण गुदद्वारावरचा खवला दुभागलेला असायला हवा तो अखंड होता, म्हणून ते साशंक राहिले. साप हातात धरलेला असतानाच तो अंगठ्याला चावला. होता बूमस्लँगच, आणि ते दुसऱ्या दिवशी गेले. म्हणून किमान तीन खुणा जुळू द्या, आणि साप हातात न घेता लांबूनच फोटो काढा, डोकं, पाठ आणि शेपटी तिन्ही येतील असे.

किड्यांत आधी मिशा बघायच्या. टोळासारखा किडा असेल आणि मिशा आखूड असतील तर टोळ किंवा नाकतोडा, अंगाहून लांब आणि केसासारख्या बारीक असतील तर बहुधा कॅटिडिड, म्हणजे टोळाचाच नातलग. वाळवीच्या मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या, मुंगीच्या कोपरातून वाकलेल्या. मग पंख. त्सेत्से माशी बसली की पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक पूर्ण मिटतात आणि पंखाच्या मधोमध कुऱ्हाडीच्या आकाराचा एक कप्पा असतो, तो दिसला की दुसरं काही शोधायला नको. शेणाचे गोळे लोटणारे स्कॅरॅब भुंगे असतील तर पुढचे पाय बघा, टोकाची पावलंच नसतात. वाळवंटी टोळ एकटा असताना मातकट, थव्यातला तरुण गुलाबी, तोच पक्व झाला की पिवळा! त्याच्या पुढच्या पायांच्या मधे खालून एक छोटी खुंटी असते, स्थलांतरी टोळाला ती नसते, म्हणून फोटो खालच्या बाजूनेही हवा.

2002 मध्ये नामिबियातून वगैरे मिळालेल्या नमुन्यांवरून कीटकांचा एक अख्खा नवा गण मांडला गेला, हीलवॉकर, बिनपंखी, आणि चालताना पावलाचं टोक वर उचलून टाचेवर चालणारा. म्हणजे कुठल्याच खणात बसत नसेल तर जबरदस्तीने बसवू नका.

आणि फोटोसोबत जागा लिहा, नुसतं "आफ्रिका" नको, देश, नदी, उंची. नाईल मगर आणि पश्चिम आफ्रिकी मगर दिसायला इतक्या सारख्या की 2011 मध्ये डीएनएने त्या वेगळ्या ठरल्या, तिथे तुमचा फोटो कितीही स्वच्छ असला तरी जागाच आधी उपयोगी पडते.