कमी पैशांत सायफाय हॉरर करताय? या चुका टाळा

वर्षातून एक-दोन फोन तरी येतातच. "सर, छोटा सायफाय हॉरर करतोय. बजेट नाही, पण कन्सेप्ट एकदम भारी आहे." कन्सेप्ट भारी असतो, त्याबद्दल माझा वाद नाही. मी साउंड रेकॉर्डिस्ट. सेटवर कोपऱ्यात हेडफोन लावून बसतो आणि तिथून सगळ्या चुका आधी मलाच ऐकू येतात. त्यांतल्या फार थोड्या पैशांच्या कमतरतेमुळे होतात. बाकीच्या होतात "पोस्टमध्ये बघू", म्हणजे शूटनंतर एडिट-डबिंगच्या वेळी निस्तरू, या एका वाक्यामुळे.

लोकेशन फक्त डोळ्यांनी बघणं

हा माझा जुना राग आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

भोसरी एमआयडीसीतलं एक बंद युनिट. दिग्दर्शक पोरगा हुशार, वाचणारा. गोष्ट अशी की प्रयोगशाळेत एक बाई क्वारंटाइनमध्ये एकटी आहे आणि वरच्या डक्टमधून, म्हणजे हवा खेळवायच्या पत्र्याच्या बोगद्यातून, कुणाचा तरी श्वास ऐकू येतोय. प्राणी शेवटपर्यंत दिसत नाही. कमी बजेटला याहून सोयीची कल्पना नाही. रेकीला, म्हणजे शूटआधी जागा बघायला, कॅमेरामन गेला, आर्टवाला गेला, प्रोड्यूसरचा मेहुणासुद्धा गेला. साउंडवाल्याला कशाला न्यायचं! आणि गेले कधी, तर गुरुवारी. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या कुणालाही विचारा, तिथल्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. जागा चिडीचूप. पोरगा खूश, शूट ठरलं शनिवारी रात्री.

शनिवारी शेजारच्या युनिटमध्ये पॉवर प्रेस चालू. धाड! जरा थांबून पुन्हा धाड. तो ठोका हवेतून तर यायचाच, पण फरशीतून पायालाही कळायचा आणि स्टँडवरून चढून माइकमध्ये शिरायचा. नायिका श्वास रोखून वर बघतेय, आणि धाड! मी सांगितलं, हे कुठल्याही सॉफ्टवेअरने निघणार नाही, श्वास आणि ठोका एकमेकांवर बसलेत. उत्तर ठरलेलंच होतं, "डब करू सर."

पहाटे साडेतीनच्या सुमारास प्रेस थांबली. शेजारी चहाची सुट्टी झाली होती. अख्ख्या रात्रीत मिळालेली पहिली शांतता, आणि आमच्या सेटवर तेव्हा भाड्याने आणलेल्या जिबवर, म्हणजे कॅमेरा उंच फिरवणाऱ्या लांब दांड्यावर, नायिकेच्या डोक्यावरून जाणारा शॉट लागत होता. त्या शॉटमध्ये ना शब्द, ना श्वास. मी हात जोडले, आधी श्वासाचे क्लोजअप घ्या, जिब नंतरही होईल. "लाइट लागलेत सर, पाचच मिनिटं." तेवढ्यात तिकडचा चहा संपला.

काही महिन्यांनी डबिंग झालं. स्टुडिओत, एसीत, नीट झोप झालेल्या नटीने भीतीचा श्वास दिला. ओठ अगदी जुळले. पण रात्रभर जागून, घामाने चिकट झालेल्या अंगाने जो श्वास निघतो तो काही त्या माइकवर आला नाही. बिचारीचा त्यात काय दोष? ज्या आवाजावर सिनेमा उभा होता तोच खोटा झाला.

माझी सवय सांगतो. रेकी करायची ती शूटच्याच वाराला आणि शूटच्याच वेळेला. तिथे पाच मिनिटं डोळे मिटून, न बोलता उभं राहायचं. मग वॉचमनला गाठायचं. शेजारी रात्री काय चालतं हे त्याच्याएवढं कुणाला माहीत नसतं. जनरेटर भिंतीच्या पलीकडे, जितकी केबल असेल तितका लांब. कुणाच्या घरात शूट असेल तर फ्रिज बंद करायचा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. पावसाळ्यात मुळशीकडे फार्महाऊस घेणार असाल तर बेडकांना स्क्रिप्टमध्येच जागा द्या, ते गप्प बसणार नाहीत. आणि प्रत्येक जागी सगळ्यांना जागच्या जागी उभं करून मिनिटभर तिथली शांतता रेकॉर्ड करा. ती एडिटच्या वेळी दोन तुकडे सांधायला लागते. नटांचे श्वास, कण्हणं, पुटपुटणं टेक संपल्याबरोबर तिथेच वेगळं घेऊन ठेवा. पॅकअपची घाई झालेले लोक नेमके या मिनिटाला मोबाइल काढतात.

अंधार हवा म्हणून लाइटच न लावणं

हे कॅमेऱ्याचं खातं आहे, पण इतक्यांदा बघितलंय की बोलल्याशिवाय राहवत नाही. "सर, हॉरर आहे, अंधारच पाहिजे." मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, चढवायचा, चित्रात मुंग्या आल्या की ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग-उजेड सुधारताना, काळोख दाबायचा, आणि ऑनलाइन टाकल्यावर काळ्या भिंतीवर पट्टेच पट्टे. आठ बिटच्या फाइलमध्ये गडद छटा मुळात मोजक्या असतात, अपलोड करताना होणारं कॉम्प्रेशन आणखी खातं. शक्य असेल तर दहा बिटमध्ये शूट करा. नसेल तर सपाट, रिकामी काळी भिंत फ्रेममध्ये ठेवू नका. पाइप, जाळी, ओल, काहीतरी असू द्या.

पडद्यावरचा अंधार लाइट लावूनच तयार होतो. मागून एक लाइट, हवेत थोडा धूर आणि ओली फरशी एवढ्यात भागतं. ग्लिसरीन मिसळलेलं पाणी रबराच्या कातडीवर फवारलं की मागच्या लाइटने नुसती कडा चमकते. प्रेक्षकाला आकार कळतो, रबर कळत नाही. एखादी मिणमिणती ट्यूब किंवा नटाच्या हातातली टॉर्च फ्रेममध्येच ठेवा. फक्त आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवा, नाहीतर न मागितलेलं फ्लिकर, म्हणजे चित्रात उजेडाची थरथर, मिळेल. स्वस्त एलईडींचा तर काही नेमच नसतो, ते आदल्या दिवशी त्याच कॅमेऱ्यावर तपासा.

न परवडणारं लिहून ठेवणं

पान तीनवर "अवकाशयानाचा विशाल कॉरिडॉर" आणि खिशात लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगमधून साठवलेले पैसे. मग कॉलेजच्या पॅसेजला अ‍ॅल्युमिनियम फॉइल लागतं आणि लोक हसतात. १९९७ चा 'क्यूब' आठवा. टोरांटोत मुख्यतः एकच चौकोनी खोली बांधली आणि भिंतींवरची रंगीत पॅनलं बदलून तीच पुन्हा पुन्हा वेगळी खोली म्हणून वापरली. 'कोहेरन्स' २०१३ चा. दिग्दर्शक जेम्स वॉर्ड बर्किटने तो स्वतःच्याच घरात पाच रात्रींत शूट केला. नटांना पूर्ण पटकथा दिलीच नव्हती, रोज ज्याच्या त्याच्या भूमिकेपुरत्या चिठ्ठ्या द्यायचा. या दोघांनी आधी हाताशी असलेली जागा बघितली आणि गोष्ट त्या जागेच्या मापाने बेतली. आमच्याकडे उलटं चालतं. आधी परदेशी सिनेमा डोक्यात, मग तो भोसरीत शोधायचा.

याच्याच जोडीचा एक आजार म्हणजे शास्त्रज्ञाचं भाषण. चष्मा, पांढरा कोट आणि दोन पानं क्वांटम. प्राण्याला काय जमतं आणि काय जमत नाही हे तुम्हाला पक्कं माहीत हवं, प्रेक्षकाला एक-दोन प्रसंगांतून दिसलं की पुरे. पण एकदा तो पाण्याला घाबरतो असं दाखवलंत तर शेवटी त्याला पावसात पळवू नका. हे मी खरंच बघितलंय.

प्राणी आणि चिकट पदार्थ

रक्त केकचं सामान मिळतं त्या दुकानात आहे: लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग, दाटपणाला चिमूटभर कोको. पण निळ्या लाइटमध्ये लाल रंग काळा दिसतो, म्हणून चाचणी सीनच्याच लाइटमध्ये करा, स्वयंपाकघरातल्या बल्बखाली करू नका. लाळेसाठी इसबगोल शिजवून मस्त तार धरतो, फक्त लाइटच्या उष्णतेने त्यावर साय धरते, हाताशी पाण्याची फवारणी ठेवा. १९७९ च्या 'एलियन'मध्ये चेहऱ्याला चिकटणाऱ्या प्राण्याची चिरफाड दाखवताना आत चक्क ताजे कालव भरले होते. मासळी बाजार आपल्याकडेही आहे, पण वास दुपारपर्यंतच सहन होतो, तेव्हा तो सीन सकाळी लावा.

लेटेक्स थेट चेहऱ्याला लावायची घाई नको. त्याची अ‍ॅलर्जी असते. आदल्या दिवशी हातावर ठिपका लावून बघा, भुवयांना अजिबात लावू नका. "काही होत नाही सर" म्हणणारा कधीच स्वतःच्या भुवईवर लावून दाखवत नाही.

आता उरलेल्या गोष्टी पटापट.

हझमत सूटच्या, म्हणजे विषारी पदार्थांपासून वाचवणाऱ्या अंगभर पोशाखाच्या, काचेवर वाफ धरते. आतून भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब पसरून कोरड्या कपड्याने पुसा. त्याच काचेत अख्खं युनिट दिसतं, हेही आधीच बघा.

हिरव्या पडद्यासमोर हिरवा स्लाइम. पडद्याबरोबर तोही गायब होतो. होय, करतात.

व्हीएफएक्सचा, म्हणजे नंतर कॉम्प्युटरवर करामत करायचा, शॉट झाला की माणसं बाजूला काढून तीच रिकामी फ्रेम घ्या. मिनिटभराचं काम असतं, आणि नंतर एखाद्या व्हीएफएक्सवाल्या पोराच्या पंधरा रात्री वाचतात.

जंगलात किंवा गडावर परवानगीशिवाय गुपचूप शूट करायचा शहाणपणा करू नका. सामान जप्त झालं की ते तुमचं नसतं, भाड्याचं असतं.

फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. दोन्ही उघडून, चालवून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. फॉरमॅटचा अधिकार सेटवर एकाच माणसाला द्या, आणि तो माणूस दिग्दर्शकाचा मित्र नसावा.