स्थलांतरावर संशोधन करायचंय, पण नेमकं कोणाच्या?

"मला स्थलांतरितांवर काम करायचं आहे." पीएचडीच्या मुलाखतीत हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं आणि पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: कोणते स्थलांतरित, आणि त्यांना स्थलांतरित ठरवलं कोणी? इथे बहुतेकजण अडखळतात. या क्षेत्रात येणाऱ्याने पहिले दोन-तीन महिने व्याख्यांवर घालवावेत. ते कंटाळवाणं वाटतं खरं, पण नंतर अंगावर येणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच सापडतं.

मराठीतलेच शब्द घ्या. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेले सिंधी 'निर्वासित'. कोयनेच्या पाण्याखाली गाव गेलेला 'धरणग्रस्त'. दिवाळीच्या आसपास बीडहून कोल्हापूरकडे निघालेला 'ऊसतोड मजूर'. घर तिघांचंही सुटलं. पण निर्वासिताने देशाची सीमा ओलांडलेली असते, धरणग्रस्ताला राज्याचा पुनर्वसन कायदा लागू होतो आणि ऊसतोड मजुराला गणनेत स्वतःची ओळ मिळवायचीच मारामार. तिघांना एकाच प्रकरणात 'स्थलांतरित' म्हणून कोंबलंत, तर परीक्षक पहिली खूण तिथेच करणार.

आश्रयाच्या बाबतीत ही काटेकोरी आणखी लागते. १९५१चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७चा त्याचा पूरक करार मिळून निर्वासित कोण ते ठरवतात. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती असलेला आणि स्वतःच्या देशाबाहेर असलेला माणूस, अशी ती व्याख्या आहे. नुसता दुष्काळ किंवा उपासमार त्यात बसत नाही. भारताने या दोन्हींवर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. कायद्याच्या नजरेत ते सगळे 'परदेशी नागरिक'. त्यांच्यासाठीचा १९४६चा कायदा जाऊन त्याजागी २०२५चा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट आला, तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. २०२५ आधीचे लेख वाचताना कलमांचे जुने क्रमांक तसेच उतरवून घेऊ नका.

तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ यांचा कारभार केंद्र आणि राज्य सरकारं थेट पाहतात. म्यानमार, अफगाणिस्तान वगैरे देशांतून आलेल्यांचे अर्ज संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, म्हणजे यूएनएचसीआर, तपासते. अर्ज तपासला जात असलेला माणूस 'आश्रयार्थी' आणि मान्यता मिळालेला 'निर्वासित'. प्रबंधात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणं ही नवख्यांची सगळ्यात वारंवार होणारी चूक आहे.

विषय निवडताना दिल्ली किंवा जिनिव्हाकडेच पाहायला हवं असं नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती वसली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं गडचिरोलीतल्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत आहेत. त्यांतल्या नमशूद्रांची जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. सीमा ओलांडून दोन पिढ्या उलटल्यावरही दाखल्यापाशी माणूस कसा अडतो, हा एक प्रश्न अख्ख्या प्रबंधाला पुरेल. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. ज्यांना माणसांपेक्षा कागदांत रमायला आवडतं त्यांनी कोल्हापूरचं पुराभिलेखागार आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार गाठावं. जुन्या कागदांत मोडी येणारच, त्यामुळे मोडी वाचनाचा वर्ग आधीच उरकून घ्या.

आता आकडे. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण स्थलांतराचा आकडा उचलून प्रस्तावनेत टाकणं फार सोपं असतं आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडतो. २०११च्या जनगणनेत 'शेवटचं वास्तव्य' या निकषावर, म्हणजे आधी दुसऱ्या ठिकाणी राहिलेले, सुमारे ४५ कोटी स्थलांतरित आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या ३७ टक्क्यांच्या आसपास. २०२०-२१च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात हेच प्रमाण २८.९ टक्के दिसतं. मग दहा वर्षांत स्थलांतर घटलं का? तसं म्हणता येत नाही, कारण मोजपट्टीच वेगळी आहे. सर्वेक्षण 'नेहमीचं राहण्याचं ठिकाण' धरतं, म्हणजे जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलं किंवा राहायचा इरादा आहे ती जागा. जनगणनेत मुदतीची अशी अट नाही. शिवाय त्याच सर्वेक्षणात बायकांमध्ये स्थलांतरितांचं प्रमाण ४७.९ टक्के आहे आणि पुरुषांमध्ये १०.७, कारण लग्न होऊन सासरी गेलेली प्रत्येक बाई त्यात येते. 'भारतात इतके कोटी लोक पोटासाठी गाव सोडतात' असं लिहून खाली हा आकडा द्याल, तर त्यातला मोठा भाग नांदायला गेलेल्या लेकीसुनांचा असेल. कारणांनुसार फोड जनगणनेच्या डी-३ तक्त्यात मिळते. ती उघडल्याशिवाय एकूण आकड्याला हात लावू नका.

ऊसतोडीच्या बाबतीत तर मोजमाप पुरतंच फसतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४व्या फेरीने (२००७-०८) अल्पकालीन स्थलांतरिताची व्याख्या अशी केली: गेल्या ३६५ दिवसांत एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ, रोजगारासाठी बाहेर राहिलेला. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. टोळी लवकर गेली आणि कारखाना उशिरा बंद झाला, तर सहा महिन्यांची रेघ ओलांडली जाते आणि माणूस या रकान्यातून गळतो. हंगाम लवकर आटोपला तर तोच माणूस परत रकान्यात. जनगणनेचंही तेच. २०११ची लोकसंख्या मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली. त्या वेळी टोळ्या फडात, म्हणजे उसाच्या शेतात होत्या आणि कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत राहत होत्या. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे पुन्हा ऐन हंगाम. हा विषय घ्यायचा असेल तर त्या आठवड्यांत प्रगणक कोपीपर्यंत पोहोचतो का, हे पाहण्याची संधी पुन्हा दहाएक वर्षं मिळणार नाही.

सरकारी पाहणी अपुरी पडते तिथे लोक दुसऱ्या खुणा शोधतात. २०१६-१७च्या आर्थिक पाहणीने रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून राज्याराज्यांमधल्या कामगारांच्या हालचालीचा अंदाज बांधला होता, वर्षाला सुमारे ९० लाख. युक्ती चांगली आहे. पण ट्रकमधून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाणारा माणूस तिकीट काढत नाही, तेव्हा ऊसतोडीला ती लागू नाही.

प्रत्यक्ष गावात किंवा वस्तीत जाण्याआधी त्या लोकांचं वर्षाचं वेळापत्रक समजून घ्या. हिवाळ्यात तिबेटी वसाहतीत गेलात तर घरंच्या घरं बंद दिसतील, कारण तेव्हा बरीच कुटुंबं शहरोशहरी स्वेटर विकत असतात. ऊसतोडीसाठी किमान तीन फेऱ्या धरा: पावसाळ्यात मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो तेव्हा गावात, जानेवारी-फेब्रुवारीत फडात, आणि मे महिन्यात हिशेब होऊन लोक परतल्यावर पुन्हा गावात. उचलीचा आकडा पहिल्या फेरीत एक सांगितला जातो आणि तिसऱ्या फेरीत दुसराच निघतो. खोटं कोणीच बोलत नसतं. मधल्या खाड्यांचे पैसे, दवाखान्याचा खर्च आणि मागची बाकी त्यात मिळालेली असते. प्रश्नावलीत 'एकूण कर्ज किती' असा एकच प्रश्न ठेवलात तर हे सगळं निसटतं. आणखी एक गोष्ट: इथे मोजणीचं एकक 'कोयता' असतं आणि एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. 'कुटुंबप्रमुखाचं उत्पन्न' विचारणारी छापील प्रश्नावली बाईची मजुरी जागीच पुसून टाकते. मजुरांना भेटायची वेळ म्हणजे गाडी भरून गेली आणि दुसरी अजून आलेली नाही, तो मधला वेळ. तो कधी तासाचा असतो, कधी दहा मिनिटांचा. मुकादमाच्या ओळखीने फडात गेलात, तर मजूर तुम्हाला त्याचाच माणूस समजतात. शाळेचे शिक्षक, आशाताई किंवा संघटनेचे कार्यकर्ते यांच्यामार्फत गेलेलं बरं. पण त्यांच्यासोबत त्यांचे हितसंबंधही येतात, हे वहीत नोंदवून ठेवा.

आश्रयार्थींच्या मुलाखतींची अडचण वेगळी आहे. त्या माणसाने आपली कहाणी आधी यूएनएचसीआरच्या मुलाखतीत सांगितलेली असते, कधी वकिलाला, कधी स्वयंसेवी संस्थेला. तारखा आणि गावांची नावं जुळली नाहीत तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, त्यामुळे ती कहाणी घोटून घोटून पक्की झालेली असते. तुम्ही वही उघडून 'तुम्ही देश का सोडला?' विचारलंत की तीच कहाणी त्याच क्रमाने बाहेर येते आणि तुमच्या हाती अर्जाची नक्कल पडते. म्हणून सुरुवात इथल्या जगण्यापासून करा: खोलीचं भाडं, सिमकार्ड कोणाच्या नावावर, मुलांची शाळा, काम कुठे मिळतं. पळून येण्याचा विषय त्यांनी काढला तर ऐका. छळाच्या तपशिलाची उलटतपासणी तुम्ही करायची नाही. तो अधिकार तुमच्याकडे नाही आणि त्या तपशिलाविना बहुतेक प्रबंधांचं काही अडतही नाही.

'तुमच्या मुलाखतीने माझ्या अर्जाला मदत होईल ना?' हा प्रश्न येणारच. उत्तर 'नाही' हेच आहे, आणि ते मुलाखतीच्या आधी, दुभाष्यामार्फत, स्वच्छ शब्दांत द्यायचं. 'बघू' म्हणणं ही फसवणूक ठरते. दुभाष्या निवडताना त्याची भाषा जमते एवढं पाहून भागत नाही. तो कोणत्या गटाचा, वस्तीत त्याचं कोणाशी वाकडं आहे, तो कोणाचा नातलग, हे विचारा. बाईच्या मुलाखतीला शक्यतो बाईच दुभाषी असावी. एका दुभाष्यावर सगळं काम सोपवलं की वीस मुलाखतींत एकाच घराण्याचे लोक निघतात आणि ते लक्षात येईपर्यंत पैसे संपलेले असतात. सुरुवातीचे संपर्क निदान तीन वेगळ्या वाटांनी मिळवा.

संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज क्षेत्रकार्याच्या तारखेआधी निदान तीन महिने करा. अर्ज सहसा सही केलेल्या संमतिपत्रावर अडतो. कागदपत्रांच्या बाबतीत कचाट्यात असलेल्या माणसाला सही मागणं म्हणजे त्याच्या नावाचा आणखी एक पुरावा तयार करणं. अशा वेळी तोंडी संमतीची परवानगी मागा, संमतीचा मजकूर त्याच्या भाषेत जोडा आणि सही का नको हे अर्धं पान लिहून समजावून सांगा. कारण नीट दिलं की समित्या ऐकतात. न दिलं की अर्ज परत येतो आणि हंगाम हातचा जातो.

वेळेचा हिशेब बहुतेकजण चुकवतात. एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला सहा ते आठ तास लागतात, भाषांतर असेल तर त्याहून जास्त. चाळीस मुलाखती प्रत्येकी सव्वा तासाच्या धरल्या, तर नुसतं उतरवणं तीनशे-चारशे तासांचं काम होतं. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीची मुदत अभ्यासक्रमासह किमान तीन आणि कमाल सहा वर्षं असते. अभ्यासक्रम आणि आराखड्याची मंजुरी यांत पहिलं दीड वर्ष सहज जातं. तेव्हा पंचवीस नीट मुलाखती घ्या, साठ अर्धवट नकोत.

पैशांचं म्हणाल तर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये मिळतात. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्या जाहिराती ठरलेल्या वेळी निघतील असं गृहीत धरून क्षेत्रकार्य आखू नका. रक्कम उशिरा आली तर फडातली फेरी चुकते आणि ती पुढच्या जानेवारीपर्यंत मिळत नाही. आकडेवारीकडे कल असेल तर मुंबईत देवनारची आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, पाहा. तिथे स्थलांतर आणि नागरी अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. बाहेर जायचं तर ऑक्सफर्डचा नऊ महिन्यांचा निर्वासित अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नावाजलेला आहे. अर्जात भावनिक निबंधापेक्षा लेखनाचा नमुना जास्त पाहिला जातो, आणि वर व्याख्यांबद्दल जे म्हटलं ते तिथे लगेच दिसून येतं.

या शाखेतल्या प्राध्यापकीच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, हे सुरुवातीलाच माहीत असलेलं बरं. आश्रयाच्या खटल्यांसाठी मूळ देशातल्या परिस्थितीवर तज्ज्ञ अहवाल लिहिणं हे परदेशांत या अभ्यासकांचं एक नेहमीचं काम आहे. त्यात वकिलाच्या बाजूने लिहिण्याचा मोह होतो. अहवाल न्यायालयासाठी असतो आणि गैरसोयीची माहिती वगळली की पुढच्या खटल्यात कोणी तुमचा शब्द धरत नाही.

शेवटी साठवणुकीचं. खरी नावं आणि टोपणनावं जुळवणारी यादी मुलाखतींच्या फाइलींपासून वेगळी, पासवर्ड लावून, इंटरनेटवर न चढवता ठेवा. फोनमधल्या फोटोंत जागेची नोंद आपोआप होते. ती क्षेत्रकार्याला निघण्याआधीच बंद करा. आणि वस्तीतले संपर्क व्हॉट्सॲपवर खऱ्या नावाने जतन करू नका. ही यादी कोणत्या तारखेला नष्ट करणार ते नैतिकता समितीच्या अर्जात लिहावं लागतंच. तीच तारीख फोनच्या कॅलेंडरमध्येही टाकून ठेवा, कारण प्रबंध जमा झाल्यावर ती कोणाच्याच लक्षात राहत नाही.