सिंगल माल्ट भेट देताना

लातूर-नांदेडच्या मित्रासाठी सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या जवापासून केलेली व्हिस्की, घेताय? आधी त्याला धुराचा वास चालतो का, ते बोलता बोलता काढून घ्या. लाफ्रॉइग, आर्डबेग या स्कॉच व्हिस्की पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या जळणाच्या, धुरावर वाळवलेल्या जवाच्या. नवख्याला त्या थेट दवाखान्याच्या वासाच्या लागतात. त्याच्यासाठी ग्लेनलिव्हेट १२ किंवा बंगळूरची अमृत घ्या. माझं मत विचाराल तर अमृतच. लेबलवरचा १२ हा आकडा बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं वय सांगतो. आकडा मोठा म्हणजे चव भारी, असं मुळीच नाही. मे महिन्यात बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडचा पारा चाळिशीपार जातो. घरीही ती उभीच ठेवायची, आडवी ठेवली की बूच खराब होतं.