संगणकासमोर डोकं थकतंय? उपायाआधी या चुका टाळा

चार वाजले की साधा ईमेल तीनदा वाचावा लागतो, एक्सेलमधला रोजचा फॉर्म्युला आठवत नाही आणि कोणी काही विचारलं की चिडचिड होते. बहुतेक जण ‘काम जास्त झालं’ म्हणतात आणि चहा मागवतात. चूक इथूनच सुरू होते. डोळ्यांचा ताण, कोंदट हवा, वाकलेली मान, सारखं तुटणारं लक्ष, अपुरी झोप यांतलं काहीही असलं तरी जाणवतं एकच: डोकं चालत नाही. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे.

म्हणून चार-पाच दिवस एवढंच टिपून ठेवा: थकवा किती वाजता आला, त्याआधीचा तास कशात गेला, आणि पाच मिनिटं बाहेर मोकळ्यावर उभं राहिल्यावर उतरला का. बाहेर येताच उतरत असेल तर आधी हवेवर संशय घ्या. कपाळापासून किंवा डोळ्यांच्या मागून सुरू होत असेल तर स्क्रीन आणि चष्मा तपासा. दिवसभर धावपळ होऊनही एकही काम हातावेगळं झालं नसेल तर लक्ष तुटतंय. सकाळी उठल्यापासूनच डोकं जड असेल तर झोपेचा प्रश्न आहे, खुर्ची बदलून तो सुटणार नाही.

चूक: एसी चालू आणि सगळं बंद

मुंबईत ही सर्रास होते, आणि लक्षात सगळ्यात उशिरा येते. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची हवा आत आणत नाही. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग. लहान बंद खोलीत दोन-तीन माणसं बसली की तो तासाभरात 1000 च्या पुढे सहज जातो. जांभया, जडपणा, निर्णय घ्यायला लागणारा वेळ हे सगळं त्या कोंदटपणाबरोबर येतं, आणि आपण दोष जेवणाला देतो.

डास, धूळ, रस्त्याचा आवाज आणि पावसाची झड यांमुळे खिडक्या बंद राहतात हे खरं आहे. तरी दर तास-दीड तासाने खिडकी आणि तिच्या समोरचं दार एकाच वेळी 5 ते 10 मिनिटं उघडा. नुसती खिडकी उघडून हवा आरपार जात नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरकं असतं, तेव्हा दुपारी समुद्रावरचं वारं सुटल्यावर उघडा. ऑफिसात खिडकी नसेल तर देखभाल विभागाला ‘एसीत बाहेरची ताजी हवा घेतली जाते का’ असं थेट विचारा. ‘कूलिंग वाढवा’ म्हणालात तर फक्त गारठा वाढेल. कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेणार असाल तर एनडीआयआर सेन्सरचाच घ्या, तो अवरक्त किरणांनी हा वायू थेट मोजतो. बरेच स्वस्त मीटर कार्बन डायऑक्साइड मोजत नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाजाने आकडा दाखवतात.

चूक: भिंतीकडे बघून डोळ्यांना विश्रांती

दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद बघा, हा नियम पुष्कळांना पाठ आहे. पण 10 बाय 12 च्या खोलीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं तरी 16 फूट भरत नाहीत. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघा. टेबल असं लावा की खिडकी बाजूला येईल. ती पाठीमागे असली तर स्क्रीनवर चकाकी येते, समोर असली तर उजेड डोळ्यांवर येतो. पश्चिमेच्या खिडकीला तीननंतर पडदा लागतोच.

स्क्रीनकडे एकटक बघताना पापण्यांची उघडझाप खूप कमी होते. त्यात एसीचा झोत तोंडावर असेल तर डोळे चुरचुरतात. झोत वळवा, आणि दूर बघताना दहा वेळा सावकाश, पूर्ण पापण्या मिटा. स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा. स्क्रीन त्याहून दिव्यासारखी उजळ दिसली तर ब्राइटनेस कमी करा.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालू नका. 2023 मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने 17 चाचण्या तपासल्या, तेव्हा साध्या काचांपेक्षा या काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं दिसलं नाही. चाळिशी ओलांडली असेल तर तेच पैसे संगणकाच्या अंतराचा नंबर काढून घ्यायला वापरा. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे जवळचा-दूरचा नंबर एकाच काचेत असलेल्या काचांतून मॉनिटर नीट दिसावा म्हणून हनुवटी वर करावी लागते आणि संध्याकाळी मान धरते. अशांनी मॉनिटर नेहमीपेक्षा थोडा खाली ठेवावा.

एरवी मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, आणि अंतर हातभर. लॅपटॉप पुस्तकांवर चढवलात तर कीबोर्ड-माउस वेगळे हवेत, नाहीतर मानेचा त्रास खांद्यात जातो. जेवणाच्या टेबलावर काम करताना हातांच्या सोयीने उशी घेऊन उंच बसलात तर पाय लोंबकळतात. पायांखाली पाट घ्या.

चूक: सगळं एकदम उघडं ठेवणं

माझ्या मते ऑफिसातल्या थकव्याचा मोठा वाटा इथे आहे. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी मन काही काळ पहिल्यातच अडकून राहतं. संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. व्हॉट्सअ‍ॅप वेबवर नुसती नजर टाकली तरी पुन्हा मुद्द्यावर यायला वेळ लागतो, आणि असं दिवसभर चालू राहतं.

त्याच लेरॉय यांच्या पुढच्या संशोधनातून निघालेला उपाय मिनिटभराचा आहे. मध्येच उठावं लागलं तर आधी कागदावर लिहा: कुठे थांबलो, आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं. ‘रिपोर्ट पूर्ण करणे’ असं मोघम नको. ‘तक्ता 3 मधली मार्चची बेरीज तपासायची’ असं लिहा. मन ते काम तेवढ्यापुरतं सोडून देतं.

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स इथे जाऊन ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा. मेल सकाळी, जेवणानंतर आणि निघण्याआधी, असे तीन वेळा बघा. साहेबांना हे आधी सांगून ठेवा आणि तातडीचं असेल तर फोन करायला सांगा. हे सांगितलं नाही तर उत्तर उशिरा गेल्याची धास्ती मनात राहते आणि बंद नोटिफिकेशनचा फायदा मिळत नाही. मीटिंग लागोपाठ लावू नका, तासाची 50 मिनिटांत संपवा. व्हिडिओ कॉलवर स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट लपवा. तासभर स्वतःकडे बघत बोलणं मनाला थकवतं.

चूक: फोन बघत विश्रांती, संध्याकाळी कॉफी

रील्स बघताना डोळे तेवढ्याच अंतरावर आणि लक्ष तसंच कामाला जुंपलेलं असतं. ही विश्रांती नाही. जिन्याने दोन मजले चढा, पाणी प्या, शेजारच्याशी चार शब्द बोला. घरी परततानाही तेच. विरार किंवा कल्याणच्या गाडीत बसायला जागा मिळाली तरी लॅपटॉप उघडू नका.

कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात. पाचला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं रात्री दहा-अकराला अंगात असतं. झोप उथळ होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉफी लागते. सकाळच्या पाळीवाल्यांनी दुपारी दोननंतर घेऊ नये. न्यूयॉर्कशी काम असेल तर त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे, उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. अशांनी झोपायच्या वेळेपासून मागे आठ तास मोजावेत. दुपारी दोन-तीनची सुस्ती शरीराच्या घड्याळाचीच आहे. भाताचा डबा हलका केला तर ती कमी होते, पूर्ण जात नाही. अवघड काम सकाळी उरका.

हे सगळं करूनही दोन आठवडे फरक पडत नसेल, सुट्टीतही मरगळ राहत असेल, तर घरच्या डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन, बी12 आणि थायरॉइडची तपासणी करायची का ते विचारा. जोरात घोरत असाल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकत असेल तर आठ तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो. मन सतत खचलेलं वाटत असेल तर टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं, कोणत्याही वेळी.